अपुरे अन्न, अफाट कष्ट आणि शरीरातील दाह : सैनिकांच्या संदर्भात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवर अवजड ओझे, तुटपुंजी झोप, थंडी किंवा उकाडा आणि त्यातच गरजेच्या निम्मेही न मिळणारे अन्न, अशा दिवसांत सैनिकाच्या शरीरात काय घडते याची मोजमापे गेली काही दशके होत आली आहेत. नॉर्वेचे बर्फाळ सरावक्षेत्र आणि अमेरिकी लष्करातील रेंजर हे खडतर प्रशिक्षण ही त्यांची दोन प्रमुख ठिकाणे आहेत. पुढील उत्तरे मुख्यतः तेथील अभ्यासांवर आधारलेली आहेत. भारतीय संदर्भ जेथे खरोखर लागू होतो तेथेच दिला आहे.

दाह म्हणजे नेमके काय? तो नेहमी अपायकारकच असतो का?

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. हा दाह डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या प्रकारचा दाह सबंध शरीरभर मंद आचेवर चालतो आणि रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही. वैद्यकात दोन्हींना इन्फ्लमेशन हाच शब्द आहे. येथे मात्र दाह म्हणताना हा दुसरा, आतल्या आत चालणारा प्रकार अभिप्रेत आहे. त्याचा अंदाज घेण्यासाठी रक्तातील इंटरल्युकिन-६ हा निरोप्या रेणू, यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, तसेच हेप्सिडिन आणि फेरिटिन हे लोहाशी संबंधित घटक मोजले जातात.

दाहाला सरसकट दोष देणे बरोबर होणार नाही. दिवसभर ओझे वाहून चालल्यावर स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. मग पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात, निकामी झालेला भाग साफ करतात आणि त्यानंतर नवी बांधणी सुरू होते. व्यायामाने ताकद वाढते ती याच मार्गाने. आदल्या दिवशीची डागडुजी पुरी होण्याआधी दुसऱ्या दिवसाचे कष्ट सुरू झाले आणि डागडुजीला लागणारा माल, म्हणजे अन्न, वेळेवर पोहोचलेच नाही, तर हीच उपयुक्त प्रक्रिया रेंगाळते आणि शरीराला महाग पडू लागते.

एवढ्या मोठ्या लष्करांकडे अन्न कमी असते का? सैनिक अर्धपोटी राहतातच कशामुळे?

कोठारात अन्न असते, पण ते पाठीवर मावत नाही. अमेरिकी लष्कराच्या तयार जेवणाच्या एका पाकिटात साधारण १,२५० किलोकॅलरी असतात आणि त्याचे वजन अर्ध्या किलोच्या वर जाते. दिवसाला तीन पाकिटे धरली तर चार-पाच दिवसांच्या शिध्याचे ओझे दारूगोळा, पाणी, बॅटऱ्या आणि गरम कपडे यांच्याशी स्पर्धा करू लागते. सैनिक मग निघण्यापूर्वी पाकिटे फोडतात, आवडीचे आणि हलके तेवढे ठेवतात आणि बाकीचे मागे टाकून जातात. यात त्यांना निष्काळजी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण चढावर पाठीवरचा एकेक किलो जाणवतो आणि पुढच्या तीन दिवसांची भूक त्या क्षणी जाणवत नाही. हे ओळखूनच मोहिमेच्या पहिल्या तीन दिवसांसाठी चालता चालता खाता येईल असा एक हलका शिधाही तेथे तयार करण्यात आला. त्यातून दिवसाला सुमारे २,९०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे थोडी तूट आधीच गृहीत धरलेली असते.

यात भुकेची स्वतःची गुंतागुंत असते. प्रदीर्घ कष्ट, अपुरी झोप, कडाक्याची थंडी आणि विशेषतः उंची यांमुळे भूक मंदावते, त्यामुळे समोर अन्न असूनही घास उतरत नाही. गोठलेले, चिवट झालेले अन्न हातमोजे काढून खाण्यापेक्षा स्लीपिंग बॅगमध्ये शिरणे कुणालाही सोयीचे वाटते. शिवाय बर्फ वितळवून पाणी करावे लागत असेल तर कोरडे अन्न आणखीच नकोसे होते.

काही प्रशिक्षणांत अन्न मुद्दाम कमी दिले जाते, कारण भुकेल्या आणि थकलेल्या अवस्थेत माणूस निर्णय कसे घेतो आणि सोबत्यांना कसे सांभाळतो हे पाहायचे असते. हा हेतू समजण्यासारखा आहे, पण त्याची शारीरिक किंमत काय पडते हेही पाहायला हवे.

नॉर्वेतील अभ्यासात नेमके काय केले आणि काय आढळले?

हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकी लष्कराच्या पर्यावरणीय वैद्यक संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांबरोबर तो केला. त्यात ७३ सैनिक होते. त्यांनी साधारण ४५ किलो ओझ्यासह चार दिवसांत ५१ किलोमीटरची वाटचाल स्कीवरून केली. अंतर ऐकायला फार वाटत नाही, पण बर्फात एवढ्या वजनासह दिवसभर सरकत राहणे आणि रात्र तंबूत काढणे यात सरासरी ६,१५५ किलोकॅलरी रोज खर्च झाल्या. हा आकडा अंदाजाने काढलेला नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड अणूंची खूण असलेले पाणी सैनिकांना पाजून आणि ते लघवीतून किती वेगाने बाहेर पडते हे तपासून तो मोजला गेला. रोजचे प्रत्यक्ष खाणे मात्र सरासरी २,८६६ किलोकॅलरी एवढेच भरले. जमाखर्चात रोज तीन हजारांहून जास्त किलोकॅलरींची तूट, आणि तीही सलग चार दिवस. बैठे काम करणाऱ्या माणसाचा दिवसाचा सगळा आहारही यापेक्षा कमी असतो.

सैनिकांचे तीन गट पाडले होते. एका गटाला नेहमीचा तीन पाकिटांचा शिधा मिळाला. दुसऱ्याला शिध्याबरोबर रोज २५० किलोकॅलरींचे चार प्रथिनयुक्त बार मिळाले आणि तिसऱ्याला तेवढ्याच कॅलरींचे चार कर्बोदकयुक्त बार मिळाले. कोणत्या पूरक आहाराने दाह आवरतो ते यातून कळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिन्ही गटांत इंटरल्युकिन-६, हेप्सिडिन आणि फेरिटिन वाढलेले आढळले आणि कोणत्याही गटाला दुसऱ्यापेक्षा फायदा झालेला दिसला नाही.

म्हणजे जास्तीचे अन्न देऊन काही उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष काढायचा का?

नाही, आणि या अभ्यासाचे मर्म येथेच आहे. बार हातात पडले म्हणून तेवढे खाणे वाढतेच असे नाही. प्रथिनांच्या गटाने बार खाल्ले तरी त्याचे एकूण खाणे केवळ शिध्यावर असलेल्या गटापेक्षा वाढले नाही. वाढले ते फक्त कर्बोदकांच्या गटाचे. तरीही तिन्ही गटांची तूट जवळजवळ सारखीच राहिली, त्यामुळे गटांची तुलना करून काही हाती लागण्यासारखे नव्हते. मात्र गट बाजूला ठेवून एकेका सैनिकाचा जमाखर्च पाहिला तेव्हा चित्र बदलले. ज्याची तूट मोठी त्याचे हेप्सिडिन जास्त, आणि ज्याने खर्चाच्या मानाने अधिक खाल्ले त्याचे कमी, असा संबंध आढळला. तो फार घट्ट नव्हता, पण दखल घेण्याइतका स्पष्ट होता. प्रथिनांच्या हिशेबातही तसेच दिसले. सर्वाधिक खाणाऱ्या सैनिकांनी दिवसाला सुमारे ३,७०० किलोकॅलरी पोटात घातल्या होत्या आणि त्यांच्या शरीरातील प्रथिनांचा तोल टिकून राहिला, इतरांचा ढळला.

याच अभ्यासाचा दुसरा भाग प्रयोगशाळेत झाला आणि त्याकडे सहसा कमी लक्ष जाते. तेथे ४० प्रौढांना त्यांच्या खर्चाइतके पुरेसे अन्न दिले होते. त्यांनी दीड तास एक तर साधारण २४ किलो ओझे घेऊन ट्रेडमिलवर चालण्याचा किंवा तेवढ्याच तीव्रतेने सायकल मारण्याचा व्यायाम केला. मध्येच काहींना प्रथिने आणि कर्बोदके असलेले पेय मिळाले, काहींना जवळजवळ कॅलरी नसलेले. दाहात दोन पेयांमुळे काहीच फरक पडला नाही. ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्याला आणखी एक पेय देऊन दाह कमी होत नाही आणि ज्याच्या जमाखर्चात तीन हजारांची खोट आहे त्याची खोट चार बारांनी भरत नाही. दोन्ही भाग एकत्र वाचले की बोट एकाच ठिकाणी टेकते: महत्त्व तुटीला आहे, पूरक पदार्थाच्या नावाला नाही. बाजारात सैनिक आणि खेळाडूंच्या नावाने खपवल्या जाणाऱ्या दाहनाशक पावडरींची जाहिरात वाचताना हे आठवावे, असे मला मनापासून वाटते.

उपाशी स्नायू अधिक दाह का निर्माण करतो?

स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो. कष्टाचे काम प्रथम त्यावर चालते. हा साठा खालावला की आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-६ अधिक प्रमाणात रक्तात सोडू लागतो, हे कोपनहेगनमधील संशोधकांनी २००१ च्या सुमारास दाखवून दिले. त्याचा एक हेतू यकृताला आणि चरबीच्या पेशींना इंधन मोकळे करण्याचा निरोप देणे हा आहे, म्हणजे मुळात ती मदतीची हाक आहे. पोटभर जेवून केलेल्या व्यायामात ही हाक काही तासांत शांत होते. अर्धपोटी केलेल्या अनेक दिवसांच्या कूचेत ग्लायकोजेन भरलेच जात नाही, त्यामुळे हाक दिली जातच राहते. हाच इंटरल्युकिन-६ यकृताला हेप्सिडिन बनवण्याची आज्ञाही देतो आणि येथून लोहाचा प्रश्न सुरू होतो.

हेप्सिडिनला इतके महत्त्व का दिले जाते?

हेप्सिडिन हा लोहाचा दरवान आहे. आतड्यातील पेशींनी अन्नातून घेतलेले लोह रक्तात जाते ते फेरोपोर्टिन नावाच्या दारातून. हेप्सिडिन वाढले की ही दारे मोडीत निघतात आणि लोह आतड्यातच अडकून शेवटी मळावाटे बाहेर जाते. जंतुसंसर्ग झाल्यावर जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने योजलेला हा बंदोबस्त आहे. अपुरे खाऊन कष्ट करणाऱ्या सैनिकाच्या शरीरात मात्र जंतू नसतानाही तो बंदोबस्त लागू होतो. म्हणजे अन्न कमी असल्याने लोहही कमीच पोटात जाते आणि जे जाते त्यातलेही कमी शोषले जाते. नुकसान असे दुहेरी होते.

नॉर्वेतील निष्कर्ष हा केवळ संबंध दाखवणारा होता आणि कारण सिद्ध करणारा नव्हता, अशी शंका रास्त आहे. ती दूर करण्यासाठी त्याच संस्थेने पुढे मोजक्या पुरुष सैनिकांवर एक नेटका प्रयोग केला. तेच सैनिक ७२ तासांच्या लष्करी कष्टांतून दोनदा गेले. एका वेळी त्यांना खर्चाइतके अन्न दिले गेले आणि एका वेळी खर्चापेक्षा बरेच कमी. माणसे तीच आणि कष्टही तेच होते, बदलले होते ते फक्त अन्न. अर्धपोटी फेरीनंतर हेप्सिडिन अधिक वाढले आणि अन्नातील लोहाचे शोषण अधिक घटले. कष्टांचा स्वतःचा परिणाम होताच, पण तुटीने त्यात भर घातली हे यातून स्पष्ट झाले.

येथे तपासणीतील एक गफलत सांगणे आवश्यक आहे. शरीरातील लोहाचा साठा पाहण्यासाठी आपल्याकडेही फेरिटिन तपासण्याची पद्धत आहे. पण दाह वाढला की साठा न वाढताही फेरिटिन वाढते. म्हणून कठीण सरावातून नुकत्याच परतलेल्या माणसाचे फेरिटिन चांगले आले तरी त्याच्याकडे लोह भरपूर आहे असे धरून चालू नये. काही दिवसांची विश्रांती झाल्यावर, सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाच्या जोडीने केलेली तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते.

महिला सैनिकांना याचा धोका अधिक असतो का?

लोहाच्या बाबतीत, होय. मासिक पाळीमुळे त्यांचा साठा मुळातच कमी असतो आणि अमेरिकी लष्कराच्या प्राथमिक प्रशिक्षणात काही आठवड्यांतच तो आणखी खालावतो असे वारंवार आढळले आहे. त्यांना लोहाची गोळी देऊन केलेल्या चाचणीत साठा घसरण्याचे प्रमाण कमी झाले आणि मनःस्थितीही सुधारली. ज्या महिला प्रशिक्षणाच्या आरंभी रक्तक्षयाने ग्रस्त होत्या त्यांच्या धावण्याच्या वेळेतही फरक पडला. ऊर्जेची तूट दीर्घकाळ राहिली तर पाळी अनियमित होणे किंवा बंद होणे आणि हाडांना बारीक तडे जाणे हेही घडते. पाळी थांबणे हे कणखरपणाचे लक्षण समजण्याची जुनी सवय घातक आहे. ती शरीराने दिलेली सूचना असते आणि तिची दखल घेतलीच पाहिजे.

आतड्यांचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे. कष्टाच्या वेळी रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, त्यामुळे आतड्यांच्या अस्तराला रक्त कमी पडते. पेशींमधील सांधे सैल होतात आणि आतड्यातच राहायला हवेत असे जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. रोगप्रतिकार यंत्रणा ते शत्रूचे समजून दाह पेटवते. नॉर्वेतील त्याच ७३ सैनिकांच्या बाबतीत, सहज न शोषली जाणारी गोड द्रव्ये पाजून ती लघवीत किती उतरतात यावरून ही गळती मोजली गेली. चार दिवसांत ती सरासरी ६२ टक्क्यांनी वाढली आणि ज्यांची गळती वाढली त्यांच्यात दाहही अधिक आढळला. आतड्यांतील जिवाणूंची रचनाही याच काळात बदलली. येथेही बार मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक नव्हता. हे आकडे सरासरीचे आहेत आणि व्यक्तीव्यक्तीत खूप तफावत होती, ही गोष्ट ते वाचताना सोबत ठेवावी.

दाह वाढतो म्हणजे प्रतिकारशक्ती वाढते, मग सैनिक आजारी का पडतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त गोंधळ निर्माण करतो. रोगप्रतिकार यंत्रणेचे ढोबळ मानाने दोन भाग धरता येतात. एक भाग झटपट धावून जाणारा पण आंधळा असतो. दुसरा सावकाश तयार होणारा असतो, पण तो नेमका जंतू ओळखून प्रतिपिंडे बनवतो आणि ओळख लक्षात ठेवतो. अपुरे अन्न आणि अतिकष्ट यांत पहिला भाग चेतवला जातो आणि दुसरा दबतो. नॉर्वेच्या सैनिकी छात्रांच्या ज्या प्रशिक्षणात पाच ते सात दिवस जवळजवळ अन्नाविना आणि अत्यल्प झोपेत अहोरात्र हालचाल करावी लागते, तेथे पेर क्रिस्टियन ओप्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे रक्ताचे नमुने घेतले. त्यांत न्यूट्रोफिल या धावून जाणाऱ्या पेशी वाढलेल्या, तर लिम्फोसाइट या ओळखणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडांची पातळी घटलेली आढळली.

याचे अधिक दीर्घ रूप अमेरिकेच्या रेंजर प्रशिक्षणात पाहायला मिळाले. ते सुमारे दोन महिन्यांचे असते आणि त्यात अर्धपोटी मैदानी टप्पे आणि मध्ये पोटभर जेवणाचे थोडे दिवस यांची आवर्तने येतात. १९९१ मध्ये झालेल्या अभ्यासात शेवटपर्यंत टिकलेल्या तरुणांचे वजन सरासरी १६ टक्के घटले, म्हणजे ७५ किलोचा धडधाकट तरुण ६३ किलोवर आला. त्यांच्या शरीरात चरबी जेमतेम उरली, टेस्टोस्टेरॉन अत्यंत खालच्या पातळीवर गेले, लिम्फोसाइटचा प्रतिसाद मंदावला आणि संसर्गांचे प्रमाण चिंता वाटावी इतके झाले. पुढच्याच वर्षी रोजच्या आहारात सरासरी सुमारे ४०० किलोकॅलरींची वाढ करून अभ्यास पुन्हा केला गेला. वजनातील घट सुमारे १३ टक्क्यांवर आली, पेशींचा प्रतिसाद सुधारला आणि संसर्ग कमी झाले. प्रशिक्षणाची काठिण्यपातळी उतरवली नव्हती, झोपही फारशी वाढवली नव्हती. दिवसाला ४०० किलोकॅलरी म्हणजे फार तर तीन-चार पोळ्यांचा ऐवज. एवढ्याशा अन्नाने तरुण मुलांची न्यूमोनिया आणि चिघळणाऱ्या जखमांपासून काही अंशी सुटका होत असेल, तर ते रोखून धरण्याचे समर्थन कोणत्याही कठोर प्रशिक्षणाच्या नावाखाली करता येईल असे मला वाटत नाही.

उपवासाने दाह कमी होतो असे आपण ऐकतो. मग येथे उलट कसे?

दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. अमेरिकेत झालेल्या कॅलरी या नावाच्या चाचणीत लठ्ठ नसलेले दोनशेहून अधिक प्रौढ होते आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जणांनी दोन वर्षे आहार कमी केला. उद्दिष्ट २५ टक्क्यांचे होते, प्रत्यक्षात घट सुमारे १२ टक्के साधली, आणि त्यांच्या रक्तातील दाहाच्या खुणा घटल्या. मात्र ती माणसे घरी होती, झोप पुरी घेत होती, तूट अल्प होती आणि शरीराला जुळवून घ्यायला महिनोन्‌महिने मिळाले. बर्फात ४५ किलो ओझे ओढणाऱ्या सैनिकाची तूट निम्म्याहून अधिक असते, स्नायूंना रोज नवी इजा होत असते आणि जुळवून घ्यायला दिवसही मिळत नाहीत. एकादशीचा उपवास घरी बसून करणे आणि त्या दिवशी गड चढून उतरणे यांतला फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शांत शरीराला विसावा देणारी तूट राबणाऱ्या शरीराला ओरबाडते.

हा परिणाम अन्नाचाच कशावरून? झोप, थंडी आणि उंची यांचा का नसेल?

प्रत्यक्ष मैदानावर हे सारे एकमेकांत गुंतलेले असते आणि एकट्या अन्नाला जबाबदार धरणे चुकीचे ठरेल. झोप तोडली तरी दाह वाढतो. थंडीने ऊर्जेचा खर्च वाढतो. म्हणूनच अन्न सोडून सारे समान ठेवणारे ७२ तासांच्या प्रयोगासारखे अभ्यास मोलाचे आहेत.

उंचीचे गणित मात्र निराळे आहे आणि भारतीय वाचकांना ते जवळचे आहे. सियाचीनमध्ये १९८४ पासून आपले जवान तैनात आहेत आणि तेथील कित्येक चौक्या १८,००० फुटांहून उंच आहेत. तेथे भूक मरते, वजन घटते आणि आतड्यांनाही प्राणवायू कमी पडतो. पण प्राणवायूची कमतरता हेप्सिडिनला दाबते, कारण अधिक तांबड्या पेशी बनवण्यासाठी शरीराला लोह हवे असते. त्यामुळे नॉर्वेच्या समुद्रसपाटीजवळच्या बर्फातील निष्कर्ष काराकोरमला जसेच्या तसे लावता येत नाहीत. उंचीवरील शरीरक्रियांचा अभ्यास दिल्लीतील संरक्षण शरीरक्रियाविज्ञान व संलग्न विज्ञान संस्था, म्हणजे डिपास, करते. टिकाऊ आणि थंडीतही खाता येईल असा शिधा तयार करण्याचे काम १९६१ मध्ये म्हैसूरला स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने केले आहे.

दाह कमी करण्यासाठी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घ्याव्यात का?

स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. या गोळ्या आतड्यांच्या अस्तराची इजा वाढवतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवरही ताण आणतात. कॅलिफोर्नियातील वेस्टर्न स्टेट्स या सुमारे १६० किलोमीटरच्या शर्यतीत आयबुप्रोफेन घेतलेल्या धावपटूंच्या रक्तात जंतूंचे विषारी अंश आणि दाहाच्या खुणा न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळल्या, आणि स्नायूंचे दुखणे काही कमी झाले नव्हते.

पोटभर खायला मिळाल्यावर शरीर किती दिवसांत पूर्ववत होते?

सगळे घटक एकाच वेगाने सावरत नाहीत. हार्मोन पुरेसे अन्न मिळताच काही दिवसांत वर येऊ लागतात. रेंजर प्रशिक्षण संपल्यानंतर पाच आठवड्यांनी तपासले असता वजन आणि ताकद बव्हंशी भरून आलेली होती, पण चरबी पूर्वीपेक्षा अधिक चढली होती, कारण उपाशी राहिलेले शरीर मिळेल ते साठवू पाहते. लोहाचा साठा त्याहून सावकाश भरतो. म्हणून एका कठीण सरावानंतर लगेच दुसरा लावण्यापूर्वी काही आठवडे जाऊ देणे शहाणपणाचे ठरते. महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घालू नये. तेथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो.

मोहिमेवर असताना व्यवहारात काय करता येते?

खर्चाची पूर्ण भरपाई बहुधा शक्य नसते, तूट आटोक्यात ठेवणे शक्य असते. एका मोठ्या जेवणाची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर काही ना काही खाणे, खिशात हाताशी राहील असे अन्न ठेवणे, शक्य तेथे रात्री गरम जेवण देणे, आणि कमी वजनात जास्त ऊर्जा देणारे तेलबिया-सुकामेव्यासारखे पदार्थ कर्बोदकांच्या जोडीला देणे, हे उपाय साधे आहेत. प्रथिने पुरेशी हवीतच. पण एकूण ऊर्जा अपुरी असेल तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते, त्यामुळे फक्त प्रथिने वाढवून भागत नाही. तुकडीच्या प्रमुखाने पाणी पिण्याची जशी आठवण करायची असते तशी खाण्याचीही करावी, कारण भुकेवर विसंबून राहिले तर ती दगा देते.

लष्कर किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी यातून काय घ्यावे?

गावोगावी पहाटे उपाशीपोटी धावणारी मुलेमुली आपण पाहतो. सोळाशे मीटरच्या सरावासाठी पहाटे रिकाम्या पोटी धावल्याने नॉर्वेतील सैनिकांसारखी अवस्था होत नाही आणि तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. धोका असतो तो दिवसभराच्या हिशेबात. सकाळी धावणे, दुपारी शेतात किंवा गोदामात काम, संध्याकाळी पुन्हा व्यायाम, आणि वजन उतरवण्यासाठी किंवा घरात पुरेसे नसल्यामुळे दोन वेळचे तुटपुंजे जेवण, असे महिनोन्‌महिने चालले तर तूट साचत जाते. नडगीच्या हाडात न थांबणारे दुखणे, वारंवार सर्दी-ताप, सराव वाढवूनही वेळ खालावणे, मुलींमध्ये पाळी चुकणे, ही तिची लक्षणे आहेत. धावून आल्यावर तासाभरात भाकरी, उसळ, दूध, अंडी, केळी, शेंगदाणे-गूळ यांपैकी जे परवडेल ते पोटभर खावे, डाळी आणि पालेभाज्यांबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यावा म्हणजे त्यांतील लोह अधिक शोषले जाते, आणि चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा. वरील लक्षणे दिसत असतील तर सराव काही दिवस कमी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. नडगीचे दुखणे एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखवता येत असेल तर डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत धावू नये.